पहिला आकडा खरा नसतो

माझे यजमान रघुवीर यांना विमा न उतरवलेला माणूस बघवत नसे. कोणाकडे चहाला गेलं तरी यांची नजर गॅसच्या जुन्या नळीवर, जिन्याच्या डुगडुगत्या पायरीवर, दाराशी कुलूप न लावता ठेवलेल्या स्कूटरवर. सरकारी विमा कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली, तीही बहुतेक दाव्यांच्या विभागात. कुणाचं दुकान जळालं, ट्रक उलटला, गोदामात पाणी शिरलं की कागद यांच्या टेबलावर. आगीबद्दल, पुराबद्दल ते इतक्या आपुलकीने बोलत की नवख्या माणसाला वाटावं, नात्यातल्याच कुणाची चौकशी चालली आहे.

नोकरीबरोबर बदल्या आल्या. कोल्हापूर, हुबळी, रायपूर, जबलपूर, मधे गुवाहाटी. आमची मुलगी चिन्मयी पाच शाळांत शिकली आणि शेवटी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायला लागली. चंडीगडला आलो तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, आणि मी सांगून टाकलं की आता बास. इथून मी हलणार नाही. मिरजेला दिरांचं घर आहे, पण तिथे आम्ही पाहुणे. इथे रस्ते सरळ आहेत, भाजीवाला दोन वर्षांत ओळखायला लागला, आणि हिवाळ्यात दुपारी गच्चीवर उन्हात बसून मटार सोलता येतात. मला गाव आवडण्याची ही पहिलीच वेळ होती.

म्हणून आम्ही चंडीगडला चिकटूनच असलेल्या पंचकुल्याला एका सोसायटीत सभासद झालो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. चार वर्षं हप्ते भरले. शेवटचा आणि सगळ्यात मोठा हप्ता ताबा घेताना, म्हणजे २००४ च्या जूनमध्ये भरायचा होता. आजवर राहिलो ती सगळी घरं कंपनीची. भिंतीला खिळा मारायचा तर नियमाप्रमाणे अर्ज करावा लागे. अर्ज आम्ही कधी केला नाही, पण खिळा मारताना शेजारी ऐकेल म्हणून हातोडीला फडकं गुंडाळत असू. असं अठ्ठावीस वर्षं फडकं गुंडाळून राहिल्यावर बाईला काय हवं असतं ते वेगळं सांगायला नको.

आता हृषीकेश. तो नागपूरचा, इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत भूलतज्ज्ञ. आमच्यापेक्षा बराच लहान, आम्हाला काका-काकू म्हणायचा. त्याची बायको लीना विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मग रविवारची संध्याकाळ आमच्याकडे ठरूनच गेली. मी थालीपीठं लावायची, लीना काहीतरी गोड आणायची, आणि पुरुष दोघं शेअर बाजारावर भांडायचे. चंडीगडात मराठी माणसं मोजकी. भांडायला मराठी माणूस मिळाला की त्याला सोडवत नाही.

दोघांचाही दलाल एकच होता. सेक्टर बावीसमध्ये चादरींच्या दुकानावर तरलोचन सिंगांचं ऑफिस होतं, भाव दाखवणारे चार पडदे आणि वीस खुर्च्या असलेलं. त्या दिवसांत फ्यूचर आणि ऑप्शन नवीनच आले होते आणि बँकेतल्या कारकुनापासून निवृत्त कर्नलपर्यंत सगळे तिथे जाऊन बसत. हृषीकेश फ्यूचरवाला होता. हे फ्यूचर म्हणजे काय ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगेन. निर्देशांक वर जाईल असं वाटतं ना, मग थोडी रक्कम भरायची आणि मोठा सौदा धरून बसायचं. वर गेला तर त्याच संध्याकाळी खात्यात पैसे जमा, खाली आला तर त्याच संध्याकाळी वजा. वर जायला मर्यादा नाही आणि खाली यायलाही नाही.

"काका, फ्यूचर इमानदार आहे," हृषीकेश म्हणायचा. "जेवढं चढलं तेवढं आलं, जेवढं पडलं तेवढं गेलं. रोजचा हिशोब रोज. तुमच्या ऑप्शनमध्ये तर बाजार जागच्या जागी बसून राहिला तरी पैसे जाऊन राहिले."

"घेणाऱ्याचे जातात," रघुवीर म्हणायचे. "विकणाऱ्याचे येतात. तू विमा कंपनी बुडालेली बघितलीस काय कधी?"

यांचं म्हणणं असं, की ऑप्शन म्हणजे दुसरंतिसरं काही नसून विमा आहे. बाजार पडेल याची ज्याला भीती वाटते तो पुट नावाचा ऑप्शन विकत घेतो. त्यासाठी जे पैसे भरतो त्याला नावही प्रीमियमच. बाजार पडला नाही तर प्रीमियम गेला, विषय संपला. पडला तर भरपाई मिळते. घेणाऱ्याचं नुकसान प्रीमियमपुरतं, त्याहून एक पैसा जास्त नाही. आणि ही भरपाई देतो कोण? ज्याने तो पुट विकला तो. रघुवीरना वाटे, सामान्य माणसाने बसावं तर या विकणाऱ्याच्या खुर्चीत. शंभरातल्या नव्व्याण्णव घरांना आग लागत नाही आणि प्रीमियम शंभरांचाही येतो, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. हृषीकेशला जे जुगार वाटत होतं ते यांना ऑफिस वाटत होतं.

खरं सांगायचं तर दोघांकडे बघून कोणीही रघुवीरनाच शहाणं म्हटलं असतं. हृषीकेश थालीपीठाचा घास हातात धरून दुसऱ्या हाताने मोबाईल चाचपायचा. रविवारीसुद्धा, बाजार बंद असताना. लीना म्हणायची, "हा दिवसभर लोकांना झोपवतो आणि स्वतः मात्र टक्क जागा असतो." रघुवीर मात्र शांत. दर महिन्याचा शेवटचा गुरुवार आला की त्यांनी विकलेले पुट मुदत संपून आपोआप निकालात निघायचे आणि प्रीमियम खिशात राहायचा. त्या संध्याकाळी ते सेक्टर बावीसमधून गरम जिलेबी आणायचे. हिवाळाभर आम्ही जिलेबी खाल्ली.

फेब्रुवारीत त्यांनी सौदे वाढवले. एप्रिलमध्ये घराच्या शेवटच्या हप्त्यासाठी ठेवलेली मुदतठेव पिकली, तर ते पैसे त्यांनी तरलोचन सिंगांकडे अनामत ठेवायचं काढलं. अनामत जास्त असली की जास्त पुट विकता येतात.

"जूनपर्यंत नुसते पडून राहणार," ते म्हणाले. "पडून राहण्यापेक्षा नव्या घराच्या पडद्यांपुरता प्रीमियम सुटेल."

"पडदे मी साड्यांचे करीन," मी म्हणाले. "त्या पैशाला हात लावू नका."

हे मी आता शहाणपण म्हणून सांगत नाही, तेव्हाच सांगितलं होतं, आणि मोठ्या आवाजात. त्यांनी मान हलवली. दावेदारासमोर ते अशीच मान हलवत, हे मला नंतर कळलं. पैसे दुसऱ्याच दिवशी सेक्टर बावीसला गेले.

मे महिन्यात निवडणुकीचे निकाल यायचे होते. निकालाच्या आधीच्या रविवारी हृषीकेश जेवायला आला तो काळवंडलेला. फ्यूचरमध्ये त्याने त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त धरलं होतं आणि सोडवत नव्हतं. रघुवीरनी ताट बाजूला सारलं. विमा न उतरवलेला माणूस समोर बसला होता.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझा माल उघड्यावर पडलाय. फ्यूचर ठेव, नाही म्हणत नाही मी. पण त्याच्या जोडीला तेवढेच पुट घेऊन टाक. बाजार चढला तर थोडा प्रीमियम गेला. पडला तर फ्यूचरमध्ये जाईल ते पुटमध्ये परत येईल. झोप तरी लागेल."

"तुम्हीच तर म्हणून राहिले ना काका, की घेणारा मूर्ख असते?"

"मूर्ख नाही रे. गिऱ्हाईक असतो."

हृषीकेश हसला, पण सोमवारी त्याने पुट घेतले. लीनाने मला फोन करून सांगितलं आणि म्हणाली की काकांना सांगा, आज हा घोरतोय.

मी रघुवीरना विचारलं, "अहो, त्याला घ्यायला सांगता आणि स्वतः तेच विकता?"

"मग ऑफिसात मी वेगळं काय करतो? गिऱ्हाईकाला सांगतो आग लागू शकते. कंपनीला सांगतो लागणार नाही. दोन्ही खरंच असतंय."

ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलं की या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात.

गुरुवारी निकाल लागले. कोणाला नको तसे किंवा कोणाला हवे तसे, ते मला माहीत नाही, पण बाजाराला नको तसे लागले. शुक्रवारी बाजार गडगडला. संध्याकाळी रघुवीर घरी येऊन कूलरसमोर बसले होते तेव्हा तरलोचन सिंगांचा फोन आला. फोन जुना, आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"साहब जी, सौदा काट दो जी. आज घाटा है, पर झेल लोगे. सोमवार का मैं कुछ नहीं कह सकता."

"कितने में कटेगा?"

तरलोचन सिंगांनी आकडा सांगितला. विकलेले पुट परत विकत घेऊन मोकळं व्हायचं तर हिवाळाभर मिळालेले प्रीमियम आणि वर हप्त्याच्या पैशातला चौथा हिस्सा जाणार होता. मला धस्स झालं. रघुवीरना झालं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला.

"ये तो ज़्यादा है," ते म्हणाले. "सोमवार को देखते हैं."

फोन ठेवून त्यांनी मला समजावलं. त्यांच्या ऑफिसात एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. दाव्याचा पहिला आकडा खरा नसतो. दुकान जळालं की मालक घाबरलेला असतो, चिडलेला असतो, दोनाचे पाच सांगतो. त्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नाही. कागद मागायचे. सर्वेअर पाठवायचा. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे. माणूस थंडावतो, आकडाही थंडावतो, आणि मग पाचाचे अडीच ठरतात. रघुवीर या कामात वाकबगार होते. कधी कोणाचा हक्काचा पैसा त्यांनी बुडवला नाही, पण पहिला आकडाही कधी दिला नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीत बाजार थंडावेल आणि सोमवारी तोच सौदा निम्म्यात सुटेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"पण हा दावा करणारा आहे कोण?" मी विचारलं. "कोण थंडावणार?"

त्यावर ते म्हणाले की मला यातलं कळत नाही. रविवारी हृषीकेश-लीना आले नाहीत. त्याला इमर्जन्सी ड्यूटी होती.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. फोन वाजला. तरलोचन सिंग.

"भाभी जी, साहब का मोबाईल बंद है. बाज़ार टूट गया है जी. मार्जिन का चेक नहीं आया तो मुझे सौदा काटना पड़ेगा, ऊपर से ऑर्डर है. साहब को भेजो. जल्दी."

मी तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि रिक्षा करून सेक्टर सतराला यांच्या ऑफिसात गेले. इतक्या वर्षांत यांच्या ऑफिसात मी दोनदा गेले असेन, दोन्ही वेळा निरोप समारंभाला. शिपायाने सांगितलं की साहेब दाव्यांच्या समितीच्या बैठकीत आहेत, बैठिए. मी सांगितलं, मी त्यांची मिसेस आहे. तो म्हणाला, हां जी, बैठिए.

मी बाकावर बसले. बाकावर आधीच एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई होती. गृहस्थांचं मुल्लानपूरकडे फर्निचरचं वर्कशॉप होतं, ते जळालं होतं. त्यांनी मला विचारलं, आपका क्या जला है? मी म्हटलं, अभी जल रहा है. त्यांना ते नीट कळलं नाही, पण त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि सांगितलं की इथे घाई करून उपयोग नसतो, ते जानेवारीपासून येत आहेत.

मी दार उघडून आत गेले. शिपाई मागून ओरडला. आत पाच माणसं आणि मधे बिस्किटांची बशी. रघुवीर कुठल्याशा ट्रकबद्दल बोलत होते. मला बघून ते उठले, बाहेर आले आणि पहिलं वाक्य असं म्हणाले, "कांचन, इथं असं यायचं नसतं."

"तरलोचन सिंगांचा फोन होता. बाजार मोडलाय. ते सौदा कापणार आहेत."

"किती म्हणतोय?"

"आकडा विचारू नका!" मी इतक्या जोरात बोलले की बाकावरची बाई उभी राहिली. "आकडा कितीही असू दे. चला."

आम्ही रिक्षाने सेक्टर बावीसला पोचलो. जिन्यावरच माणसं उभी होती. वर गेलो तर पडदे चालू होते आणि आकडे हलत नव्हते. बाजार इतका पडला होता की नियमाप्रमाणे तो थांबवला होता. निवृत्त कर्नल खुर्चीत ताठ बसून थांबलेल्या आकड्यांकडे बघत होते. तरलोचन सिंगांनी आम्हाला आत घेतलं, बसायला दिलं, पाणी मागवलं. भला माणूस होता. पण मार्जिन म्हणून अजून भरायला आमच्याकडे पैसे नव्हते. जे होते ते त्याच्याकडेच अनामत होते.

"थोडा वेळ द्या," रघुवीर म्हणाले. मराठीत म्हणाले. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाले, "दो-चार दिन रुक जाओ, सरदार जी. ये भाव असली नहीं है."

"साहब जी, असली-नकली तो रब जाने. मेरे पास तो दो-चार मिनट भी नहीं हैं."

बाजार पुन्हा उघडला, आणखी पडला, पुन्हा थांबला. दुपारनंतर परत उघडला तेव्हा आमचे सौदे कापले गेले, दिवसभरातल्या जवळजवळ सगळ्यात वाईट भावाला. हप्त्याची सगळी रक्कम गेली आणि वर तरलोचन सिंगांचं देणं राहिलं. सगळं होऊन गेल्यावर भाव थोडा सावरला. मंगळवारी तर बाजार बराच वर आला. रघुवीरनी सांगितलेलं खरंच होतं, पहिला आकडा खरा नव्हता. फक्त तो आम्ही भरून मोकळे झालो होतो.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "आमच्याकडं एक दुकान जळतं तेव्हा बाकीची हजार जळत नाहीत, म्हणून कंपनी चालते. मी विकलेली सगळी एकाच दिवशी जळाली." मग घराशी उतरताना म्हणाले, "एवढं साधं मला दिसलं नाही."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त राग आला, आणि तो अनेक दिवस पुरला. मी त्यांना जेवायला वाढत होते, कपड्यांना इस्त्री करत होते, आणि मनात त्यांच्याशी भांडत होते. बँकेकडे गेलो, तर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही, दिलं तरी त्यात तो हप्ता भागत नाही. कोणी म्हणालं पिंजौरला स्वस्तात मिळेल. ज्या गावाला मी बसने जाताना खिडकीतून बघितलं होतं तिथे म्हातारपण काढायला मी तयार नव्हते. शेवटी सोसायटीला कळवलं की आमचं सभासदत्व परत घ्या. आधीच्या हप्त्यांचे जे पैसे परत मिळाले त्यांतून तरलोचन सिंगांचं देणं फिटलं आणि उरले ते चिन्मयीच्या लग्नासाठी बाजूला ठेवले.

हे सगळं चालू असताना हृषीकेश आला. रविवार नव्हता, मधलाच वार होता. हातात पेढ्यांचा खोका. आल्या आल्या वाकून रघुवीरच्या पायाला हात लावला.

"काका, तुम्ही नसते तर मी रस्त्यावर असतो. फ्यूचरमध्ये जेवढं गेलं, जवळजवळ सगळं पुटमध्ये परत आलं. संस्थेतले दोघं जण पार धुऊन निघाले. मी लीनाला शब्द दिला, आता हे सगळं बंद. सगळे पैसे काढले मी."

"चांगलं केलंस," रघुवीर म्हणाले.

"एक मात्र समजत नाही," हृषीकेश पेढा तोंडात टाकत म्हणाला. "हे पुट विकून राहिले होते ते कोण होते? निवडणुकीच्या तोंडावर? तुम्ही मागेच बाहेर पडले असाल, ते माहीत आहे मला. पण बाकीचे?"

मी रघुवीरकडे बघितलं. ते पेढ्याचा तुकडा बोटांत धरून बसले होते.

"असतात कोणीतरी," ते म्हणाले. "कोणी नसतं तर तुला मिळाले असते काय?"

एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांची सवय त्यांना बसू देईना. ज्याच्याकडे पैसे मोकळे पडले आहेत असा माणूस समोर होता. ते म्हणाले, "आता ते पैसे बँकेत ठेवून पुन्हा मोह होईल. घर घे. आमच्या सोसायटीत एक जागा रिकामी झाली आहे. तिसरा मजला. आम्ही निवृत्तीनंतर मिरजेला जायचं ठरवलंय, म्हणून आमचीच."

मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ मोठा सोडला. मिरजेला जायचं ठरल्याचं मी त्याच क्षणी ऐकत होते.

वास्तुशांत ऑक्टोबरात झाली. लीनाच्या घरचं नागपूरहून कोणी येऊ शकलं नाही. तिने मला फोन केला, "काकू, तुम्ही आदल्या दिवशीच या ना. मला यातलं काही कळत नाही, आणि इथे वडीलधारं दुसरं आहे कोण?" नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं तर सापडलं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिचा त्यात काही दोष नव्हता. हृषीकेशचाही नव्हता. त्याने प्रीमियम भरला होता आणि भरपाई घेतली होती.

मी गेले. कलशाखाली तांदूळ किती घालायचे, नारळाची शेंडी कुठल्या बाजूला, गुरुजींना काय लागेल, सगळं सांगितलं. गुरुजी इथलेच होते, मंत्र पंजाबी हेलात म्हणत होते. रघुवीर बाहेर पाहुण्यांशी बोलत होते. मधून त्यांचा आवाज येत होता. गॅलरीच्या कठड्याची उंची कमी आहे, मुलं आली तर जाळी लावून घे, असं ते हृषीकेशला सांगत होते.

पूजा आटोपली आणि लीनाने मला स्वयंपाकघरात नेलं. नवा ओटा, नवी शेगडी, नवं पातेलं. तिने पातेल्यात दूध ओतलं, शेगडी पेटवली आणि म्हणाली, "पहिलं दूध तुमच्या हाताने, काकू. तुम्ही इथे उभ्या राहा, मी सगळ्यांना बोलावते."

मी पातेल्यासमोर उभी राहिले. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती आणि तिच्यामागे डोंगर. दुधावर साय धरली, कडेने बुडबुडे आले, साय फुगून वर चढायला लागली, आणि मी हात पुढे करून गॅस बंद केला. फुगलेलं दूध खाली बसलं.

लीना मागेच उभी होती, तिच्याबरोबर बायका. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "काकू, उतू जाऊ द्यायचं असतं ना?"

"हो गं," मी म्हणाले. "विसरले."

"तुम्ही आणि विसरलात? इतक्या घरांत राहिलात तुम्ही, किती वेळा केलं असेल."

"नाही. एकदाही नाही," मी म्हणाले. "क्वार्टरमध्ये हे करत नाहीत."

मी गॅस पुन्हा पेटवला आणि बाजूला सरून तिला पुढे उभं केलं.